गरिबाच्या पैशाचे घर

लक्ष्मीपूजनाला पाटावर काय काय मांडायचे हे घरोघर साधारण सारखेच असते. नवी केरसुणी, धने-गूळ, लाह्या-बत्तासे, मधोमध चांदीचे एखादे नाणे, आणि व्यापाऱ्याचे घर असेल तर नव्या वर्षाच्या वह्या. लक्ष्मी चंचल आहे, तिने या घरी स्थिर व्हावे, एवढेच त्या पूजेतले मागणे. ज्यांच्याकडे कपाट आहे, कपाटाला कुलूप आहे आणि बँकेत खाते आहे, त्यांच्या घरी तिच्या मुक्कामाची सोय आधीच झालेली असते. रोजची भाकरी रोज मिळवणाऱ्याच्या घरी लक्ष्मी येतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. ती दररोज संध्याकाळी येते. अडचण एवढीच, की रात्री तिने राहायचे कुठे?

गरिबाला शिल्लक टाकण्याची सवय नसते, असा एक समज सुखवस्तू घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. खरे पाहता गोष्ट उलटी आहे. पगारदाराला एक तारीख ठाऊक असते; हमालाला, मोलकरणीला, भाजीवालीला उद्याचा दिवस ठाऊक नसतो. पाऊस लागला की हातगाडी बंद, अंगात ताप आला की मजुरी बंद. अशा माणसाने मागे काही टाकले नाही, तर तो आठवडाही काढू शकणार नाही. म्हणून तर आपल्याकडे उतरंडीच्या तळच्या मडक्यात डाळीखाली पुरचुंडी असे, पदराला गाठ असे, कनवटीला नाणे असे. चार जणींची भिशी असे, आणि वर्षभर थोडेथोडे जमवून दिवाळीच्या तोंडावर फोडायचा दिवाळी फंड असे. बचत होत होतीच. ती टिकत नव्हती. घरातल्या पैशावर चोराची नजर, दारुड्या नवऱ्याची नजर, अडल्यानडल्या भाऊबंदांची नजर. मागणारा दारात उभा असताना ‘नाही’ म्हणायला जी सबब लागते, ती मडक्याजवळ नसते, कुलपाजवळ असते. ते कुलूप गरिबाला कसे मिळत गेले, याचा इतिहास मोठा वाचनीय आहे.

या कथेचा प्रारंभ स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात करावा लागतो. डम्फ्रीस परगण्यात रुथवेल नावाचे गाव आहे. तेथे हेन्री डंकन नावाचा पाद्री होता. धर्मोपदेशक होण्यापूर्वी त्याने लिव्हरपूलच्या एका पेढीत काही काळ नोकरी केली होती, त्यामुळे बँकांचे व्यवहार त्याला आतून ठाऊक होते. त्या काळी बँकेत खाते उघडायचे तर निदान १० पौंड लागत. शेतमजुराच्या किंवा घरगडी बाईच्या हाती शिल्लक पडली तर ती सहा पेन्सांची. असली ४०० नाणी साठतील तेव्हा कोठे बँकेचे दार उघडणार, आणि तोवर ती ठेवायची कुठे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. डंकनने १८१० साली गावातल्या एका छोट्या घरात पॅरिशची बँक सुरू केली आणि सहा पेन्सांची ठेवही स्वीकारायला आरंभ केला. जमलेला सगळा पैसा एकगठ्ठा डम्फ्रीसच्या मोठ्या बँकेत ठेवायचा, तेथे मिळणारे व्याज ठेवीदारांना वाटायचे आणि खर्चापुरते थोडे राखायचे, अशी साधी रीत होती. पहिल्या वर्षाअखेर १५१ पौंड जमले. ज्यांना शिल्लक टाकता येत नाही असे म्हटले जाई, त्याच लोकांचे हे पैसे.

या बँकेची पेटी लाकडी होती आणि तिला तीन कुलपे होती. तिन्हींच्या किल्ल्या तीन निराळ्या माणसांकडे. तिघे एकत्र आल्यावाचून पेटी उघडत नसे. पाद्रीबुवा कितीही सज्जन असले तरी गरिबाचा पैसा एकट्या सज्जनाच्या भरवशावर ठेवायचा नाही, हे शहाणपण त्या तीन कुलपांत होते. एखादी बचतसंस्था बुडाल्याची वार्ता येते, तेव्हा तिन्ही किल्ल्या एकाच खिशात गेल्या होत्या, असेच बहुधा निघते. डंकनचा प्रयोग पाहता पाहता स्कॉटलंडभर आणि इंग्लंडभर पसरला. १८१७ साली ब्रिटिश पार्लमेंटला बचत-बँकांसाठी कायदा करावा लागला. १८६१ मध्ये इंग्लंडात टपाल कचेऱ्यांतून बचतीची सोय झाली, आणि १८८२ मध्ये तीच सोय हिंदुस्थानात आली. लाल पेटीवाल्या पोस्टात कागदाच्या पाकिटांबरोबर गरिबाची नाणीही जाऊ लागली.

परंतु पोस्ट कसब्यात, आणि कुणबी वाडीत. त्याच्या दारात यायचा तो सावकार. म्हणून आपल्या मुलखात ही गोष्ट ठेवीऐवजी कर्जापासून सुरू झाली, आणि तीही आगीपासून.

१८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याला सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. सावकाराने हात आखडता घेतला आणि जुनी खते बाहेर काढली. वाचता न येणाऱ्याने अंगठा कशावर उठवला होता, हे त्याला कोर्टात कळायचे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, बाजारच्या दिवशी, भडका उडाला. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगावी तो पसरला. या दंग्याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जमावाला सावकाराचा जीव नको होता. कागद हवे होते. खते, रोखे, वह्या यांच्या होळ्या झाल्या. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कागद जळाले, बी-बियाण्याची, बैलाची, लग्नकार्याची गरज काही जळाली नाही. वर्षभरात तोच शेतकरी पुन्हा त्याच ओट्यावर बसलेला दिसला तर त्यात नवल ते काय!

न्यायमूर्ती रानडे आणि सर विल्यम वेडरबर्न यांच्या हे लक्षात आले होते. पुरंदर तालुक्यात शेतकऱ्यांसाठी बँक काढून पाहावी अशी त्यांची योजना होती. लंडनने ती मान्य केली नाही. दरम्यान १८८९ साली बडोद्यात काही मराठी मंडळींनी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली. कायदा नव्हता, सरकारचे पाठबळ नव्हते. होता तो एकमेकांवरचा विश्वास. नावातच तो आहे.

तिकडे जर्मनीत हा मार्ग आधीच सापडला होता. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हा ऱ्हाईन नदीकाठच्या टेकड्यांतल्या गावांचा मेयर. १८४६–४७ चा हिवाळा दुष्काळाचा गेला, तेव्हा त्याने सधन लोकांकडून पैसा जमवून गरिबांना उधारीवर पाव मिळेल अशी व्यवस्था केली. पुढे काही वर्षांच्या अनुभवाने त्याला उमगले, की श्रीमंतांच्या दयेवर चालणारी मदत त्यांची दया ओसरली की आटते. मग १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे त्याने निराळीच पतपेढी उभी केली. कर्ज घेणारेच तिचे सभासद, तेच मालक, आणि एकाचे बुडाले तर साऱ्यांनी भरून द्यायचे, अशी अमर्याद जबाबदारी. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो. बैलासाठी कर्ज मागणारा खरोखर बैल घेणार की नाही, हे त्याला ठाऊक असते. ज्याच्याजवळ तारण नाही, त्याचे तारण म्हणजे त्याची गावातली ओळख. मद्रास सरकारच्या फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याने शतकाच्या अखेरीस या विषयावर मोठा अहवाल लिहिला, आणि त्याचे सार एवढेच होते, की आपल्याकडचा रायफायझेन शोधा. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्यामागे ही सारी खटपट होती.

कायदा झाला म्हणून दारात बँक आली असे नव्हे. बरोबर ५० वर्षांनी, १९५४ साली, गोरवाला समितीचा ग्रामीण पतपुरवठ्यासंबंधीचा अहवाल प्रसिद्ध झाला. धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. शेतकऱ्याने काढलेल्या दर १०० रुपयांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ रुपये निघाला. सावकारांचा ७० च्या घरात. सहकार अपयशी ठरला आहे, तरीही तो यशस्वी झालाच पाहिजे, असा त्या अहवालाचा आशय होता. नापास मुलाला पुन्हा त्याच वर्गात बसवणाऱ्या मास्तराला यातली कळकळ चटकन समजेल.

पण या अवधीत दक्षिणेकडे उडुपीला एक छोटी गोष्ट घडून गेली होती, आणि माझ्या मते ती मोठ्या अहवालांच्या तोडीची आहे. १९२५ साली डॉ. टी. एम. ए. पै, उपेंद्र पै आणि वामन कुडवा यांनी हातमागावरच्या विणकरांना हात देण्यासाठी एक बँक काढली. हीच पुढची सिंडिकेट बँक. २०२० साली ती कॅनरा बँकेत विलीन झाली. या बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि दोन आणे घेऊन जाणार! दोन आणे म्हणजे काय, तर महिन्याला पावणेचार रुपये. आज आपल्या तालुक्याच्या पेठेत संध्याकाळी पानवाल्याच्या, न्हाव्याच्या, भजीवाल्याच्या दुकानापुढे उभा राहून पैसे गोळा करणारा ‘पिग्मीवाला’ दिसतो, त्याचे मूळ तेथे आहे. डंकनने सहा पेन्सांना दार उघडून दिले होते. उडुपीकरांनी दारच उचलून गिऱ्हाइकाकडे नेले.

दारात येणाऱ्या माणसाची किंमत गरिबाला किती वाटते, याचा एक विलक्षण पुरावा आहे. गरिबांच्या पैशाचा अभ्यास करणारे स्टुअर्ट रदरफर्ड यांनी विजयवाड्याच्या झोपडपट्टीत एक बचत गोळा करणारी बाई पाहिली. ती प्रत्येक गिऱ्हाइकाला २२० चौकोनांचे एक कार्ड देई. एक चौकोन म्हणजे ५ रुपये. सगळे चौकोन भरले की १,१०० रुपये होत. त्यातले १०० ती आपल्या पायपिटीबद्दल ठेवून घेई आणि १,००० परत देई. म्हणजे व्याज मिळायच्या ऐवजी ठेवीदारच पैसे मोजत होता! अडाणीपणा म्हणून हसण्यापूर्वी थोडा विचार करावा. मुलांच्या शाळेच्या वेळी हातात एकरकमी हजार रुपये पडणे आणि ते हजार रुपये मडक्यातून केव्हाच नाहीसे होणे, यांतला फरक त्या बाया १०० रुपयांना विकत घेत होत्या.

आता अहमदाबादकडे वळू. गिरण्यांच्या या शहरात मजूर महाजन ही जुनी कामगार संघटना. तिच्या महिला विभागात काम करणाऱ्या इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही संस्था स्थापली. भाजी विकणाऱ्या, गाठोडी वाहणाऱ्या, चिंध्या जमवून शिवणाऱ्या बायांची ती संघटना. सकाळी व्याजाने पैसे काढायचे, दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी कमाईतला वाटा सावकाराला द्यायचा, हा त्यांचा नित्यक्रम. मोठ्या बँकांत गेले तर मळक्या लुगड्याकडे पाहून कारकून नाक मुरडी. तेव्हा सभेत एका बाईने विचारले, आपली स्वतःचीच बँक का काढू नये? आपण गरीब असू, पण आपण पुष्कळ आहोत ना! प्रत्येकीने १० रुपये काढले, ४,००० जणींनी भांडवल उभे केले आणि १९७४ साली सेवा सहकारी बँक नोंदवली गेली.

नोंदणीच्या वेळी अडचण आली सहीची. प्रवर्तक म्हणून ज्या पंधरा जणी उभ्या राहिल्या, त्यांतल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हते. रात्र जागून त्यांनी आपापले नाव गिरवले. पाटीवर पहिले ‘ग’ उमटवताना लहान मुलाच्या हाताला फुटणारा घाम मी वर्गात रोज पाहतो. पन्नाशीच्या बाईच्या राठ हाताला तो किती फुटला असेल! ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी बँकेने पासबुकावर छायाचित्र लावण्याची युक्ती काढली. छायाचित्रात बाईच्या हाती तिच्या खात्याचा क्रमांक लिहिलेली पाटी. कित्येक जणी तर पासबुक घरी नेतच नसत, बँकेतच ठेवून जात. घरच्या डोळ्यांपासून आकडा लपवणे ही त्यांची बँकेकडे पहिली मागणी होती. २०२२ साली इलाबेन वारल्या, तोवर त्यांच्या बँकेने जवळजवळ अर्धे शतक काढले होते.

अहमदाबादच्या पाठोपाठ १९७५ साली मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले. या बाई मूळच्या गोव्याच्या. तेथल्या मुक्तिलढ्यात अगदी लहान वयात उतरलेल्या. लालबाग-परळच्या चाळींतून गावाकडून आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया होत्या. कामगार महिन्याच्या शेवटी पैसे देणार, वाणी मात्र आज मागणार. मधले दिवस मंगळसूत्र गहाण टाकून निघायचे. या बायांना त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेचे दार दाखवले, एकमेकींना जामीन राहायला शिकवले. पोळ्या मोजणाऱ्या बाईला हप्ते मोजणे अवघड गेले नाही. १९८२ च्या संपाने गिरण्यांचे भोंगे थांबले आणि जेवणारेच पांगले, तेव्हाही मंडळ उरले.

आणि गेल्या शतकाच्या अखेरीस ही कथा साताऱ्याच्या माण तालुक्यात येऊन पोचते. म्हसवडला, दुष्काळी मुलखात, रस्त्याच्या कडेला पालात राहून लोखंडकाम करणारी एक बाई होती. पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम इतकी किरकोळ, की बँक खाते उघडीना. चेतना गाला सिन्हा यांनी बायांची बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तक बाया निरक्षर होत्या. बाया रात्रीच्या वर्गात बसल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हांला कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, यंत्र न घेता सांगतो. तुमच्या साहेबांनाही तसे सांगायला लावा. १९९७ साली माणदेशी बँकेला परवाना मिळाला. सावकाराच्या व्याजावर ज्यांचा संसार होरपळला, त्यांना व्याजाचे गणित कोण शिकवणार?

या साऱ्या इतिहासाला एक काळी बाजू आहे आणि ती सणाच्या दिवशीही झाकून ठेवू नये. बांगला देशात चितगावजवळच्या जोब्रा गावी प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली ४२ माणसांना मिळून ८५६ टका दिले आणि सावकारापासून सोडवले. त्यातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक आले. जगाने त्यातून एकच अर्थ घेतला: गरीब कर्ज फेडतो. हे कळताच भांडवलवाल्यांचीही पावले झोपडीकडे वळली. आंध्र प्रदेशात एकेका बाईला तीन-तीन, चार-चार कंपन्यांनी कर्जे दिली. आठवड्याच्या हप्त्यासाठी दारात माणसे बसू लागली. २०१० साली आत्महत्यांच्या वार्ता आल्या, राज्य सरकारला ऑक्टोबरात वटहुकूम काढावा लागला, आणि पुढल्या वर्षी मालेगाम समितीच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने नवे नियम केले. सुप्याच्या होळीला १३५ वर्षे झाली होती. सावकाराची वही जाऊन संगणक आला होता, एवढाच फरक.

या कंपन्यांना कर्ज देण्याची मुभा होती, लोकांच्या ठेवी घेण्याची नव्हती. बुडाल्या तर गरिबाचा पैसा नको बुडायला, म्हणून हा नियम योग्यच. पण परिणाम असा झाला, की गरिबाच्या दारात कर्ज देणारा हात पोचला, ठेव घेणारा पोचला नाही. ज्याला आधी ठेवायला जागा मिळते, तो अडीअडचणीत आपलेच पैसे काढतो, आणि उरलेल्या गरजेपुरते कर्ज मागतो. ज्याला फक्त कर्जच मिळते, त्याला प्रत्येक ताप, प्रत्येक बारसे, प्रत्येक सण उसनाच करावा लागतो. नाबार्डने १९९२ साली ५०० बचतगट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्याचे मर्म हेच होते: आधी दर महिन्याला आपापसांत बचत, मग कर्ज. म्हणून आपण त्यांना बचतगट म्हणतो, कर्जगट म्हणत नाही.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन योजना आली, शून्य शिलकीची खाती निघाली, आणि २०२३ पर्यंत त्यांची संख्या ५० कोटींच्या वर गेली. डंकनच्या काळचा १० पौंडांचा उंबरा आता उरलेला नाही. तरी खाते आणि ठेव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मजुरी बुडवून, बस पकडून, रांगेत उभे राहून ५० रुपये भरायला कोण जाईल? ठेव सुरक्षित आहे का, हाही प्रश्न आहेच. १९६० साली लक्ष्मी बँक आणि पालई सेंट्रल बँक बुडाल्या, तेव्हा सरकार जागे झाले आणि १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला, प्रथम १,५०० रुपयांपर्यंत. २०२० मध्ये ती मर्यादा ५ लाखांवर नेली. मात्र हा विमा बँकांतल्या ठेवींना आहे, पतसंस्थांतल्या ठेवींना नाही. आणि पिग्मीवाला बहुधा पतसंस्थेचाच असतो. दारात येणाऱ्या माणसावर आपण विश्वास टाकतो तो त्याच्या चेहऱ्याकडे पाहून. पेटीला कुलपे किती आणि किल्ल्या कोणाकडे, हे विचारायचे राहून जाते.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी धुण्याभांड्याला बाई येते. दिवाळीला आपण तिला पोस्त देतो, लुगडे देतो, फराळाची पुडी देतो. यंदा त्याबरोबर तिला एक प्रश्न विचारावा: पैसे ठेवतेस कुठे? उत्तर ‘डब्यात’ असे आले, तर सवड काढून तिच्याबरोबर पोस्टात किंवा बँकेत जावे आणि तिच्या एकटीच्या नावाने खाते उघडून द्यावे. ती पतसंस्थेचे नाव घेईल, तर तिच्या ठेवीला विमा आहे की नाही ते तिला समजावून सांगावे. तास-दोन तासांचे काम आहे. आणि पासबुक कुठे ठेवायचे, हे मात्र तिचे तिला ठरवू द्यावे.